चित्रफितींचे फडताळ
(केंद्र शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



ग्रामीण शाळेत दृक्श्राव्य साधनांचा उपयोग कितपत होतो, हे साधन शाळेत आहे की नाही यावर फारसे अवलंबून नसते. पाठाच्या वेळी ते हाती लागते की नाही, यावर अवलंबून असते. पुण्याची बालचित्रवाणी ही संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून मुलांपर्यंत जाऊ लागले. परंतु कार्यक्रम ठरलेल्या वेळीच लागे, आणि वर्गात त्या दिवशी तोच पाठ चालू असेलच असे नसे. शिक्षकाने कार्यक्रमामागे धावावे. कार्यक्रम शिक्षकासाठी थांबत नसे. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली, तोपर्यंत इंटरनेट खेडोपाडी पोचू लागले होते. वेळेचे बंधन सुटले, पण त्याच्या जागी संपर्काचे बंधन आले. पाठ रंगात यावा आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहावे, हा अनुभव ज्याला नाही असा शिक्षक विरळा. मध्येच उपटणारी जाहिरात त्याहून वाईट. कारण चक्र फिरत असते तेव्हा मुले निदान शिक्षकाकडे पाहतात.

ह्यावर एक साधा उपाय आहे. घरातील चित्रपट, छायाचित्रे व गाणी एका संगणकावर साठवून ती घरातल्या कोणत्याही पडद्यावर पाहावीत, यासाठी काही सॉफ्टवेअर निघालेली आहेत. अशा संगणकाला होम सर्व्हर म्हणतात. घरासाठी निघालेली ही व्यवस्था दोन-चार खोल्यांच्या शाळेला तंतोतंत लागू पडते. रात्री संपर्क बरा असेल तेव्हा चित्रफिती उतरवून ठेवावयाच्या आणि दिवसा शाळेच्या राउटरवरून त्या वर्गात दाखवावयाच्या, एवढाच तिचा सारांश. वर्गात दाखविताना इंटरनेट लागत नाही; राउटर व सर्व्हर यांना वीज असली की पुरे.

थोडा हिशेब केला म्हणजे ह्याचे महत्त्व ध्यानी येईल. दहा मिनिटांची, मध्यम स्पष्टतेची चित्रफीत सेकंदाला सुमारे १० लक्ष बिट या वेगाने चालते असे धरले, तर ६०० सेकंदांचे ६० कोटी बिट, म्हणजे ७५ मेगाबाइट होतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशा १३,००० हून अधिक चित्रफिती राहतील. पहिली ते सातवीपर्यंतचे सर्व विषय धरले तरी एवढा मजकूर कोणत्याही शाळेला लागणार नाही. तेव्हा जागेची चिंता कोणी करू नये. चिंता करावयाची ती वेगळ्याच गोष्टीची, आणि तिच्याकडे पुढे यावयाचे आहे.

प्रथम यंत्र. नवे यंत्र विकत घेण्याची घाई नको. अनेक शाळांच्या कपाटात जुना संगणक पडून असतो. त्यावर बहुधा विंडोज १० असते, आणि १४ ऑक्टोबर २०२५ पासून कंपनीने त्या आवृत्तीची सर्वसाधारण देखभाल थांबविलेली आहे. असा संगणक कार्यालयीन कामाला जुना झाला तरी सर्व्हरच्या कामाला तरुण असतो. त्यावर डेबियन ही लिनक्सची आवृत्ती घालावी. १९९३ पासून चालत आलेली ही विनामूल्य प्रणाली जुन्या यंत्रांना चांगली मानवते. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणकही चालतो आणि तो वीज फारच कमी घेतो. मात्र त्याची प्रणाली मेमरी कार्डावर असते, आणि वीज वारंवार गेल्यास ते कार्ड बिघडण्याचा संभव असतो. भारनियमनाच्या गावी त्याला एसएसडी जोडावी. जुन्या संगणकाच्या बायोसमध्ये, वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे, अशी एक योजना बहुधा असते. ती चालू करून ठेवावी. म्हणजे रोज सकाळी कोणी बटण दाबावयास नको. राउटरमध्ये सर्व्हरला एक कायमचा पत्ता नेमून द्यावा. पत्ता रोज बदलू लागला, तर वर्गातील टॅबला सर्व्हर सापडणार नाही.

चित्रफितींसाठी वेगळी डिस्क जोडावी, आणि येथे पहिली खाचखळगा लागते. बाजारातून आणलेली डिस्क बहुधा एक्सफॅट पद्धतीने आखलेली असते. त्या पद्धतीत फाईल कोणाच्या मालकीची हे नोंदविण्याची सोयच नाही. यास्तव ती ईएक्सटी-४ पद्धतीने नव्याने आखून घ्यावी. नंतर यंत्र सुरू होताच डिस्क आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब नावाच्या फाईलीत तिची एक ओळ लिहावी लागते. ह्या ओळीत डिस्कचे तात्पुरते नाव न घालता तिचा यूयूआयडी, म्हणजे तिचा कायमचा ओळखक्रमांक, घालावा. कारण दुसरी डिस्क जोडली की तात्पुरती नावे आपसांत बदलू शकतात. त्याच ओळीत नोफेल हा शब्द अवश्य लिहावा. तो नसेल आणि एखाद्या दिवशी डिस्कची वायर सैल झालेली असेल, तर संगणक त्या डिस्कची वाट पाहतो आणि शेवटी सुरू न होताच अडून बसतो. एका शब्दाच्या अभावी सर्व्हर बिघडला असा समज होतो आणि यंत्र पुन्हा कपाटात जाते.

डिस्कवर दोन वेगळी फोल्डरे असावीत : एक अर्धवट उतरलेल्या फाईलींचे आणि दुसरे पूर्ण झालेल्यांचे. दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरला केवळ दुसरे फोल्डर दाखवावे. हे न केल्यास पडद्यावर अर्धी चित्रफीत येते आणि ऐन पाठात मध्येच तुटते.

उतरवून घेण्यासाठी ट्रान्समिशन हे सॉफ्टवेअर चांगले. ते बिटटॉरेंट पद्धतीवर चालते. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. तीत मोठ्या फाईलीचे लहान तुकडे केलेले असतात व प्रत्येक तुकड्याची खूण अगोदरच नोंदलेली असते. तुकडा आला की त्याची खूण ताडून पाहिली जाते. जुळली नाही तर तेवढाच तुकडा पुन्हा मागविला जातो. वीज गेली तरी आलेले तुकडे वाया जात नाहीत, काम जेथे थांबले तेथून पुढे चालू होते. आपल्याकडील संपर्काच्या परिस्थितीला ह्याहून सोयीची पद्धत नाही. ट्रान्समिशनमध्ये ठरावीक वेळात वेग कमी ठेवण्याची योजना असते. मध्यरात्रीपासून मोजलेली मिनिटे त्यात लिहावी लागतात, आणि निर्मात्यांनी तेथे मुळातच ५४० व १०२० हे आकडे घालून ठेवलेले आहेत, म्हणजे सकाळी ९ ते सायंकाळी ५. ही जवळजवळ शाळेचीच वेळ. योजना फक्त चालू करावयाची. दिवसा शाळेच्या कामाला संपर्क मोकळा राहतो आणि रात्री उतरवण्याचे काम वेग घेते.

ट्रान्समिशनची मांडणी करताना तीन ठिकाणी हटकून अडखळावयास होते. त्याची मांडणीची फाईल बदलण्यापूर्वी सॉफ्टवेअर बंद केले पाहिजे. ते चालू असताना केलेला बदल, ते बंद होताना आपल्या जुन्या नोंदींनी पुसून टाकते, आणि बदल करणारा चकित होऊन बसतो. दुसरे असे की मुळात ते फक्त त्याच संगणकावरून नियंत्रण स्वीकारते. शाळेतील इतर संगणकांचे पत्ते परवानगीच्या यादीत घालावे लागतात. त्याच वेळी डेबियनने दिलेला आरंभीचा पासवर्डही बदलावा, कारण तो साऱ्या जगाला ठाऊक आहे.

तिसरी अडचण सर्वांत चिवट. चित्रफीत उतरते, डिस्कवर दिसते, पण दाखविणारे सॉफ्टवेअर ती पाहू शकत नाही. किंवा ट्रान्समिशनच परवानगी नाही म्हणून थांबते. ह्याचे कारण असे की लिनक्समध्ये प्रत्येक सॉफ्टवेअर हे स्वतंत्र व्यक्तीसारखे असते. उतरविणारा एक, दाखविणारा दुसरा आणि फोल्डर तयार करणारा शिक्षक तिसरा. शाळेच्या पोषण आहाराच्या कोठीचे कुलूप एकाने लावले आणि किल्ली दुसऱ्याला दिलीच नाही, तर जेवण शिजणार कसे? तसाच हा प्रकार. ह्या तिघांचा एक गट करावा, फोल्डर त्या गटाच्या नावे करावे, गटाला लिहिण्याची मुभा द्यावी आणि ट्रान्समिशनमधील उमास्क नावाचा आकडा ००२ ठेवावा, म्हणजे नव्याने येणाऱ्या फाईलींनाही ती मुभा राहते. काही जण कंटाळून सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकतात. त्याने काम भागते खरे. पण मग एखाद्या मुलाच्या चुकीच्या एका स्पर्शाने वर्षाचा संग्रह पुसला जाऊ शकतो.

काय उतरवावे याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. बिटटॉरेंटने चित्रफीत उतरविणारा तीच चित्रफीत इतरांना पुरवीतही असतो. नवे चित्रपट अशा रीतीने घेणे हा १९५७ च्या प्रतिलिप्याधिकार अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि त्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास व किमान ५०,००० रुपये दंड सांगितलेला आहे. वर्गातील सादरीकरणाला कायद्याने काही सवलत दिली आहे. ती कोठूनही फाईल उतरवून घेण्याचा परवाना नव्हे. जुना चित्रपट मोकळा झाला असेही सरसकट धरू नये. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा, म्हणून चित्रपट या नात्याने त्याची मुदत २०१३ अखेर संपली. परंतु अत्रे १९६९ मध्ये निवर्तले, आणि लेखकाच्या लिखाणाचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. १९४४ मध्ये निवर्तलेल्या दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांना अशी अडचण नाही.

वादाचा प्रश्नच येऊ न देणारे साहित्य भरपूर आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात मिळतात. किविक्स ह्या सॉफ्टवेअरने संबंध मराठी विकिपीडिया एका फाईलीत उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. कोलिब्री नावाचे दुसरे सॉफ्टवेअर खास संपर्कहीन शाळांसाठीच निर्माण झाले आहे, आणि त्यातील पाठ एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पेनड्राइव्हवर नेता येतात. ही दोन्ही त्याच सर्व्हरवर सुखाने नांदतात.

आता दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळावे. प्लेक्स हे त्यांतील प्रसिद्ध. पण त्याचे खाते कंपनीकडे उघडावे लागते, आणि संपर्काविना चालावी अशा व्यवस्थेचा आरंभच संपर्कावर टेकवणे बरे नव्हे. एम्बी नावाचे दुसरे सॉफ्टवेअर २०१८ च्या अखेरीस बंदिस्त झाले, तेव्हा त्याच्या मोकळ्या असलेल्या भागातून काही कार्यकर्त्यांनी जेलीफिन निर्माण केले. जेलीफिन विनामूल्य आहे व त्याची खाती शाळेच्याच यंत्रावर राहतात. डेबियनच्या मूळ भांडारात ते नाही. त्याच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावे लागते. ते बसविले की कोणत्याही ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता व पुढे ८०९६ हा क्रमांक लिहावा. पुढचे प्रश्न तेच विचारते. मुलांसाठी वेगळे खाते करावे आणि त्यास काहीही पुसण्याचा अधिकार देऊ नये. बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, सर्व्हरपर्यंत येण्याची वाट राउटरमध्ये मुळीच उघडू नये. शाळेला तिचा उपयोग नाही आणि चोराला आहे.

संग्रहाचा प्रकार निवडताना मात्र घाई करू नये. चित्रपट हा प्रकार निवडला, तर जेलीफिन प्रत्येक फाईलीचे नाव चित्रपटांच्या सूचीत शोधते आणि जुळेल ते चित्र व माहिती तिला चिकटविते. ‘पाणी’ नावाच्या चौथीच्या पाठाला २०२४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘पाणी’ ह्या चित्रपटाचे भित्तिपत्रक लागले, तर त्यात यंत्राचा दोष नाही. शालेय चित्रफितींसाठी घरगुती चित्रफिती हा प्रकार निवडावा. त्यात जेलीफिन बाहेर काही शोधीत नाही, फोल्डरांची रचना जशीच्या तशी दाखविते.

म्हणजे रचना शिक्षकानेच करावयाची, आणि सर्व्हरचे खरे काम येथे सुरू होते. सॉफ्टवेअर बसविणे हे एका रविवारचे काम आहे; नावे देणे हे वर्षभराचे. प्रारंभी जी चिंता म्हटली ती हीच. शे-दोनशे चित्रफिती कशाही नावांनी पडलेल्या असल्या, तर बसविणाऱ्याला त्या सापडतात, शेजारच्या वर्गावरील शिक्षिकेला सापडत नाहीत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. त्यांत वाचकाच्या वेळेची बचत हेही एक सूत्र आहे, आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत त्याचे मोल फारच वाढते. महाराष्ट्रातच याचे थोर उदाहरण आहे. हेमा राईरकर व गी पॉइट्वँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावे, गाणाऱ्या स्त्रिया आणि विषय यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या म्हणूनच तो संग्रह आजही उघडून पाहता येतो.

नावाचा क्रम इयत्ता, विषय, पाठाचा क्रमांक आणि पाठाचे नाव असा ठेवावा. क्रमांक दोन अंकी लिहावा : ‘०२’, ‘१०’. नुसते ‘२’ लिहिल्यास काही यंत्रांवर ‘१०’ हा ‘२’ च्या आधी बसतो. मराठी अंक व इंग्रजी अंक यांची सरमिसळ करू नये. दोन्ही यंत्राच्या दृष्टीने निराळी अक्षरे आहेत. फाईलीच्या नावाला ईएक्सटी-४ मध्ये २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. त्यामुळे सुमारे ८५ चिन्हांपुढे नाव स्वीकारले जात नाही. ‘वाऱ्याची दिशा’ यातील ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकलिखित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण एका तऱ्हेने लिहिलेले नाव दुसऱ्या तऱ्हेने शोधल्यास सापडत नाही. शाळेतील सर्वांनी एकच कळफलक वापरावा हे बरे. विसर्गाच्या जागी दोन टिंबांचे अपूर्णविराम चिन्ह घालण्याची सवय तर फारच पसरलेली आहे. शुद्धलेखनाच्या वहीत ती चूक सहज नजरेआड होते. परंतु ‘स्वतःची ओळख’ ह्या नावात तसे चिन्ह पडले, की ती फाईल विंडोजच्या डिस्कवर उतरवून घेता येत नाही. यंत्र शुद्धलेखनाचा आग्रह धरते असे हे विरळ स्थळ आहे.

चित्रफीत थांबत-थांबत चालू लागली, तर दोष संपर्काचा नसून बहुधा तिच्या बांधणीचा असतो. नव्या मोबाईलवर चित्रण केलेल्या फाईली पुष्कळदा एच-२६५ पद्धतीच्या असतात. दाखविणाऱ्या टॅबला ती पद्धत येत नसेल, तर सर्व्हर तत्क्षणी रूपांतर करू लागतो आणि जुने यंत्र त्या श्रमाने धापा टाकते. हँडब्रेक ह्या विनामूल्य सॉफ्टवेअरने अशी फाईल आधीच एच-२६४ मध्ये रूपांतरित करून ठेवावी. रास्पबेरी पायच्या बाबतीत तर हे टाळताच येणार नाही.

बदली हा ह्या व्यवस्थेचा खरा शत्रू. उत्साही शिक्षक सर्व्हर उभारतो आणि पुढे त्याची बदली होते. कार्यभार देताना संगणक, डिस्क व राउटर यांच्या नोंदी डेडस्टॉक रजिस्टरात असतात, म्हणून त्या वस्तू मोजून दिल्या जातात. पासवर्ड कोणत्याच रजिस्टरात नसतो. नवा शिक्षक पेटते दिवे पाहतो, काही उघडत नाही असे पाहून बंद करतो, आणि गावातील आजीबाईंनी सांगितलेल्या गोष्टी, ग्रामसभेचे चित्रण, मुलांची नाटुकली हे सारे, जे कोणत्याही इंटरनेटवरून पुन्हा उतरविता येणार नाही, त्या डिस्कमध्ये अडकून पडते.

यासाठी एक साधी वही ठेवावी व ती मुख्याध्यापकांच्या कुलपात असावी. तीत सर्व्हरचा पत्ता, तिन्ही पासवर्ड, म्हणजे संगणकाचा, ट्रान्समिशनचा व जेलीफिनचा, तसेच एफएसटॅबची ती ओळ जशीच्या तशी, फोल्डरांची रचना व नावे देण्याची पद्धत लिहावी. यंत्र योग्य रीतीने बंद कसे करावे हेही लिहावे. वही पुरी झाली की नाही याची परीक्षा सोपी आहे : सर्व्हरशी ज्याचा कधी संबंध आला नाही अशा सहकाऱ्याच्या हाती ती द्यावी आणि उभारणाऱ्याने खोलीबाहेर जाऊन थांबावे. सहकारी जेथे अडेल ती ओळ पुन्हा लिहावी.

दुसरी डिस्कही हवी, कारण डिस्क एक ना एक दिवस मरते. ही दुसरी प्रत मात्र एक्सफॅट पद्धतीचीच ठेवावी. ईएक्सटी-४ ची डिस्क विंडोजच्या संगणकाला सहजी वाचता येत नाही, आणि लिनक्स न जाणणाऱ्या माणसालाही संग्रह उघडता आला पाहिजे. दर सत्राच्या अखेरीस, म्हणजे दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी, नव्या फाईली तीवर उतरवाव्यात, त्यांतील पाच-सहा उघडून पाहाव्यात, वहीत तारीख टाकून सही करावी आणि डिस्क सर्व्हरच्या खोलीत न ठेवता दुसऱ्या इमारतीतील कपाटात ठेवावी.